पाठमोरी बनाबाई

बनाबाईशी माझी ओळख भांडणानं झाली, आणि तीही ती भाड्यानं राहायला आली त्याच दिवशी. सोलापुरात बाळीवेशीत आमचं जुनं तीन खोल्यांचं घर आहे. पुढच्या खोलीत माझं पिको-फॉलचं मशीन, मधल्या खोलीत मी एकटी, आणि मागची खोली मी भाड्यानं देते. नव्या जागेत पहिल्या दिवशी कुणाचाच स्वयंपाक नीट होत नाही, म्हणून मी मायलेकांना आमटी-भात दिला. पोरगं जेवायला बसलं. हिनं त्याच्यापुढं ताट ठेवलं आणि सरळ भिंतीकडं तोंड करून बसली. पोरगं भात मागतंय, आणि ही मागं हात करून पातेलं सरकवतेय.

"अगं, भिंतीत काय ठेवलंय? पोराकडं बघून वाढ की," मी म्हणाले.

"वाढलंय की. जेवताना बघू नये, काकू. तुमीबी बघू नका."

माझ्याच घरात मी कुठं बघायचं हे आजच आलेली बाई मला सांगणार! मी तिला चांगलं फैलावर घेतलं. तिनं सगळं ऐकून घेतलं, पण वळली नाही. शेवटी मीच उठून बाहेर गेले.

मंगळवेढ्याच्या पुढं कोरडवाहू भागात त्यांची वस्ती. नवरा जोतिराम मेंढरं घेऊन वर्षातले कितीतरी महिने गावोगाव फिरतो. पोरगं दहावीला शाळेत पहिलं आलं, मास्तर म्हणाले सोलापूरला सायन्सला घाला, आणि मंगळवेढ्याच्या बाजारापलीकडं कधी न गेलेली ही बाई पोराला घेऊन एसटीत बसली. इथं तिला कडक भाकरीच्या एका कारखान्यात काम मिळालं. सकाळपासून दुपारपर्यंत भाकरी थापायच्या, घरी आली की पुन्हा चूल. पोराच्या डब्यात रोज ताजं, अंगावर धुतलेली कापडं, अभ्यासाला बसला की माझ्या मशीनचा आवाजसुद्धा तिला खपायचा नाही. करण्यात कुठं कमी नव्हती. फक्त त्याच्याकडं बघायची नाही, आणि त्याच्याविषयी चांगला शब्द बोलायची नाही.

पोराचं नाव युवराज. ते मास्तरांनी कागदावर घातलं. बनाबाईच्या तोंडी तो दगडू. कुणी म्हणालं, "पोरगं हुशार आहे हं," की ही बाजूला तोंड करून थू थू करणार आणि म्हणणार, "कशाचं हुशार! दगड हाय नुसता." तो समोर उभा असला तरीही. एकदा माझ्याकडं साडी घेऊन आलेल्या बाईनं सहज विचारलं, "तुमचाच का हो मुलगा?" तर म्हणाली, "माजा न्हाय, मल्लव्वाचा हाय. सूपभर जोंधळ्याला घेतलाय." बाई हसली. पोरगंही थोडं हसलं आणि आत गेलं.

आता आमच्याकडं ही रीत कुणाला नवीन नाही. ज्या बाईची पोरं जगत नाहीत, ती नव्या बाळाला सुपात घालून दुसरीच्या ओटीत देते. मग सूपभर जोंधळे मोजून तेच बाळ तिच्याकडून विकत घेते. म्हणजे बाळ पोटचं राहिलं नाही, देव न्यायला आला तर चुकून जावा. नावही असं ठेवायचं की कुणाला न्यावंसं वाटू नये. सूप म्हटल्यावर मला पुढचं काही विचारावं लागलं नाही. हिची आधीची गेली होती. पोरालाही ते माहीत असणार असं मी धरून चालले. पण गेलेल्यांचं नाव काढलं की राहिलेल्यावर बेततं, असाही एक नियम त्यांच्यात होता, आणि बनाबाईनं तो कडक पाळला होता. पोराला सुपाची गोष्ट ठाऊक होती. सूप कशासाठी, ते ठाऊक नव्हतं.

दिवाळीनंतर पोराचं बिनसलं. गावच्या शाळेत पहिला येणारा पोरगा इथं चाचणीत खाली गेला. वर्गात सगळं इंग्रजीत, बाकीच्यांना क्लास लावलेले. आधी त्याचं बोलणं कमी झालं. मग कॉलेजला जाणं. डबा भरलेला परत यायचा. दिवसा उजेडी भिंतीकडं तोंड करून पडलेला असायचा, उठवलं तर उठायचा, आंघोळ कर म्हटलं तर तासभर बादलीपुढं बसून राहायचा. बनाबाईनं मीठ-मिरच्या उतरून चुलीत टाकल्या. जोतिराम फोनवर म्हणाला, "शेराचं वारं लागलंय, दोन दिस मेंढरामागं फिरलं की सुदरंल." शेजारचे म्हणाले मोबाइल काढून घ्या. मीसुद्धा म्हणाले की वयच असं असतं. उचलली जीभ लावली टाळ्याला.

एका दुपारी तो माझ्या मशीनजवळ येऊन उभा राहिला. "काकू, मी नसतो तर आयेला गावाकडंच राहता आलं असतं की. कुणाचं काय अडलं असतं?"

मंगळवेढ्याची गाडी किती वाजता आहे, असं विचारावं, तशा आवाजात तो हे म्हणाला. माझा पाय मशीनवरून खाली आला. मी त्याला समोर बसवलं, त्याच्या हातात उगाच साड्यांच्या घड्या करायला दिल्या आणि माझ्या भाचीला फोन लावला, ती नर्स आहे. दुसऱ्या दिवशी आम्ही दवाखान्यात होतो.

तिथं डॉक्टरांनी तपासून गोळ्या दिल्या आणि तिथल्याच समुपदेशक रेश्मा मॅडमकडं पाठवलं. करमाळ्याची पोरगी, माझ्या भाचीच्या वयाची. मला वाटलं, ही काय बरं करणार. तिनं आधी त्याच्या गावची, मेंढरांची चौकशी केली आणि मग सरळच विचारलं, "युवराज, जीव द्यावा असं मनात येतं का?"

मी खुर्चीतून उठलेच. असलं पोराला विचारतात का! पण पोरगं खाली बघत म्हणालं, "व्हय." आणि किती महिन्यांनी त्याचे खांदे खाली आले. मॅडमनं मला बाहेर गाठून सांगितलं, "विचारल्यानं ते मनात येत नाही, काकू. ते आधीच असतं. विचारलं नाही तर तो त्याच्याबरोबर एकटा असतो." त्याला एकटं ठेवायचं नाही, जड वाटलं तर कुणाला हाक मारायची, रात्री-अपरात्री कुठल्या नंबरावर फोन करायचा, हे सगळं तिनं त्याच्याकडून आणि माझ्याकडून वदवून घेतलं. बनाबाईलाही बोलावलं होतं. ती आली, पण दाराबाहेर बसून राहिली.

मग दर गुरुवारी आमची वारी. अंगारा नाही, धुपारा नाही, नुसतं बोलणं. आणि घरी करायला बारकी बारकी कामं. उठून कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जायचं आणि परत यायचं. पुढच्या आठवड्यात सिद्धेश्वराच्या तळ्यापर्यंत. "मन होईल तेव्हा जाईन म्हणू नकोस. आधी पाय जाऊ देत, मन मागून येतं," असं ती म्हणायची. दुसरं काम विचारांचं. डोक्यात आलेला प्रत्येक विचार खरा नसतो, त्याला धरून पुरावा मागायचा. 'मला काही जमत नाही' असं वाटलं, तर काय जमलं नाही ते सांग, आणि काय जमलं तेही सांग. मला आधी हा पोरखेळ वाटला. पण एके दिवशी तो तळ्यावरून आला आणि म्हणाला, "काकू, ती बदकं आमच्या मेंढरावानी करत्यात, एक गेलं की समदी त्येच्या मागं." मी मशीन थांबवून त्याचं तोंड बघत राहिले. पोरगं आपणहून बोललं होतं.

मग मॅडमनं त्याला एक नवीन काम दिलं. त्याच्या मनात एक गोष्ट घट्ट बसली होती, की मी कुणालाच नको आहे. तर ओळखीच्या तिघांना विचारायचं, माझ्यात चांगलं काय आहे? वर्गातला एक पोरगा म्हणाला, तू गणित समजावून सांगतोस तसं सर पण सांगत नाहीत. मला विचारलं तेव्हा मी म्हणाले, तू माझा मशीनचा पट्टा बसवून दिलास, दिलेला शब्द पाळतोस, आणि घरात तू असलास की मला बरं वाटतं. त्याचे कान लाल झाले. तिसरी आई.

मी अंगणात दोरीवरचे कपडे काढत होते. बनाबाई मेथी निवडत बसली होती. तो मागून येऊन तिच्याजवळ टेकला. "आये, एक इचारू? माज्यात काय चांगलं हाय?"

बनाबाईचे हात थांबले. तिचं तोंड माझ्याकडं होतं. त्या तोंडावर जी भीती उतरली तशी मी कुणाच्या चेहऱ्यावर कधी पाहिली नव्हती. तिच्या पोराला कुणीतरी हाताला धरून न्यायला आलंय, असं तिचं झालं होतं. त्याला मात्र तिची पाठ दिसत होती.

"तुज्यात?" ती म्हणाली. "दगडात काय असतंय?" आणि बाजूला तोंड करून थू थू थुंकली.

पोरानं मान हलवली, जसं काही हिशोब जुळला, आणि आत जाऊन पडला. मी बनाबाईला काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. तिनं सगळं ऐकून घेतलं. त्यानंतर तो तळ्यावर गेला नाही, जेवला नाही, गुरुवारी उठला नाही. मी त्याच्या खोलीच्या दारात मशीन आणून बसले आणि तिथूनच मॅडमला फोन केला. मॅडम म्हणाली, "त्याला आजच आणा. आणि या वेळी आई आत बसेल."

मॅडमच्या त्या छोट्या खोलीत आम्ही चौघं बसलो. बनाबाईनं खुर्ची किंचित तिरकी करून घेतली, म्हणजे पोरगं नजरेत यायला नको.

तोच आधी बोलला. "मॅडम, तुमी म्हनला व्हता, इचाराला पुरावा माग. मी मागितला. आय माज्याकडं बघत न्हाय. माजा न्हाय म्हनून सांगती. इचारलं तर थुकती. ह्यात खोटं काय हाय ते सांगा."

इतके महिने त्याच्या एकेका विचारातली भेसळ मॅडमनं काढून दाखवली होती, पण ही गोष्ट तर खरीच होती. ती बनाबाईकडं वळली. "तो म्हणतोय ते खरं आहे?"

"व्हय."

"का बघत नाही तुम्ही?"

मी तोंड उघडणार होते. मॅडमनं हात वर करून मला थांबवलं. बनाबाई फरशीलाच सांगावं तसं बोलू लागली.

"पैली पोरगी व्हती. लई ग्वाड दिसायची. पाळन्यात निजली की मी कामधंदा टाकून बघत बसायची. यील त्येला सांगायची, माजी बाय बगा कशी हाय. रांगाय लागली आन गेली. मंग पोरगा झाला. त्येलाबी डोळं भरून बघितलं. त्यो बारशापत्तूर ऱ्हायला न्हाय. सासू म्हनली, आईची दिष्ट लई वाईट असती, तुजीच लागली दोघांस्नी. ह्यो झाला तवा मी सुईनीला म्हनलं, मला दावूच नगा. मल्लव्वाच्या वटीत घाला."

"मला भईन व्हती?" पोरानं विचारलं.

बनाबाईनं मान हलवली.

मॅडमनं हळूच विचारलं, "बाळांना काय झालं होतं?"

"जुलाब लागलं, ताप आला. न्ह्यायला गाडी न्हवती."

"मग नजरेनं गेली, की तापानं?"

"ताप समद्यांच्या लेकरांस्नी येतोय, मॅडम. माजीच दोन का गेली?"

यावर मॅडमनं उगाच काही बनवून सांगितलं नाही, याबद्दल मी तिला मानते. मग पोरगं खुर्ची पुढं ओढून म्हणालं, "आये, माज्याकडं बघ."

"नगं रं."

"बघ की. काय हुतंय बघू. दवाखान्यातच बसलोय की आपुन. डाक्टर हायत, मॅडम हायत, काकू हायत."

जीव नको झालेलं पोरगं आईला धीर देत होतं. बनाबाईनं पदराचं टोक तोंडात धरलं. मग ती वळली. आधी तिनं त्याचे हात पाहिले, मग गळ्याची हाडं, मग तोंड. एकदा तिथं पोचल्यावर तिची नजर हलेना. नजर लागते म्हणून इतकी वर्षं राखून ठेवलेलं बघणं तिनं त्या एका बैठकीत बघून घेतलं.

"लई वाळलायस की रं," ती म्हणाली. "कवापास्नं?"

"दिवाळीपास्नं."

तिला ते माहीतच नव्हतं. रोज भरलेला परत आलेला डबा तिनं घासला होता, सदरे सैल झालेले तिनं धुतले होते, पण पोरगं तिनं पाहिलं नव्हतं. ती ओरडली नाही की रडली नाही, नुसता त्याच्या मनगटावर हात ठेवून बसली. रडले ती मी. त्यात लाज कसली!

त्यानंतर दिवस बरे गेले. तो पुन्हा चालायला लागला, खाऊ लागला. बनाबाई जेवताना भिंतीकडं तोंड करायची, पण मधेच चोरून वळायची, आणि वळली की रात्रभर तिला झोप नसायची हे सकाळी डोळ्यांवर दिसायचं. तरी वळायची. मला वाटलं, सुटलं एकदाचं.

आणि दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तसं गणपतीनंतर त्याला डेंगी झाला. अर्धी गल्ली तापानं पडली होती, माझ्या शेजारणीचे दोन्ही नातू दवाखान्यात होते. पण ते बनाबाईला कोण सांगणार? वॉर्डात ती त्याच्या खाटेला पाठ करून, खिडकीकडं तोंड करून बसली. सलाइन लावलेला हात उचलून तो म्हणाला, "आये, हिकडं बघ की." ती म्हणाली, "बरा हो. मंग बघती." मॅडम येऊन गेली. डासांचं सांगितलं, पाण्याचं सांगितलं. बनाबाई प्रत्येक वाक्याला "व्हय मॅडम" म्हणाली आणि खिडकीबाहेर बघत राहिली. पोरगं बरं झालं. तिच्या मते, तिनं बघितलं नाही म्हणून.

मी मॅडमपुढं चरफडले. "पालथ्या घड्यावर पाणी हो. इतकं करून काय उपयोग?"

"असं म्हणू नका, काकू," मॅडम म्हणाली. "त्याचा विचार आम्ही वेळेत धरला. आईच्या मनातला तर युवराजच्याही आधीपासूनचा आहे." तिनं बनाबाईलाही सांगून पाहिलं, तुम्हीही माझ्याकडं येत जा, आपण बोलू. बनाबाईनं तिला हात जोडले. "मला काय झालंय, मॅडम? माज्या लेकराला माघारी आनलंसा, लई उपकार झालं." ती गेली नाही. आमच्यात पोरांसाठी तरी हल्ली कुणी दवाखाना गाठतं. लेकरं पुरून आलेल्या आयांसाठी कुठं जायचं असतं, हे कुणी विचारतही नाही, आणि याचा मला फार राग येतो.

पोरगं मात्र या वेळी खचलं नाही. मी भीत भीत विचारलं तर म्हणालं, "काकू, आय बघत न्हाय ते खरंच हाय की. पन का बघत न्हाय, ते मला आता ठावं हाय." वाईट दिवस अजून येतात त्याला. आले की तो मॅडमला फोन करतो, चालायला जातो. सायन्स त्यानं सोडलं. कुर्डुवाडीला त्याचा मामा रेल्वेत आहे, त्याच्याकडं राहून तो आयटीआय करतो. मशीनं त्याला कळतात. बनाबाई इथंच राहिली, भाकरी थापते आणि त्याला पैसे पोचवते.

पहिल्यांदा त्याचा व्हिडिओ कॉल माझ्या फोनवर आला तेव्हा तो जेवायला बसला होता. फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवलेला. मी फोन बनाबाईच्या हातात दिला. मला वाटलं, ही आता तो पालथा घालणार. पण ती तो दोन्ही हातांनी धरून बघत बसली. पापणी न लवता, शेवटच्या घासापर्यंत.

"आता गं? आता दिष्ट लागत नाही?" मी म्हणाले.

"ह्यो फोटूच की, काकू. फोटूला कशाची लागती?"

तेव्हापासून हे रोजचं झालं. दुपारी ती कारखान्यातून येते, हात धुते, माझा फोन घेऊन उंबऱ्यात बसते. तो ताट फोनपुढं धरून दाखवतो. ती म्हणते, अजून भात घे, कालवण पातळ दिसतंय, केसं वाढली बग. मी साडीच्या काठातून मान वर करत नाही. पण तिचं तोंड मला दिसतं, आणि त्या वेळी ती बाई किती देखणी दिसते ते मी कुणाला सांगितलेलं नाही. तिला तर नाहीच नाही.

दिवाळीला तो आला होता. तिनं गोडधोड केलं, ताट वाढलं, आणि भिंतीकडं तोंड करून बसली. त्यानं दोन घास खाल्ले आणि ताट सारलं. भाऊबीजेच्या सकाळी परत गेला. संक्रांतीला आला नाही. सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा भरली, सगळ्यांची पोरं बाहेरगावाहून आली, हा आला नाही. बनाबाई कुणाला काही बोलली नाही, पण मला राहवेना. मी फोन केला आणि चांगली झापायला सुरुवात केली. आई इथं एकटी, कुर्डुवाडी ती केवढी लांब, तुला दोन दिवस काढता येत नाहीत का म्हणून.

त्यानं माझं सगळं ऐकून घेतलं, आईसारखंच.

"यावंसं लई वाटतंय, काकू," तो म्हणाला. "पन तितं आलो की आयेला मला बघता येत न्हाय."